वाकडा काटा

आमच्या जुन्या गाडीच्या मीटरमागे हे महिनाभर लागले होते. तक्रार एकच, तेलाच्या दाबाचा काटा वाकडा दिसतो आणि थरथरतो. यांची पद्धत ठरलेली आहे, एकेक वस्तू वेगळी काढून तपासायची. आधी वायर बदलली, मग इंजिनावरचा सेन्सर. मग भंगार बाजार पालथा घालून दुसरं मीटर आणलं आणि शेवटी शेजारचं पाण्याच्या तापमानाचं मीटरही बदलून टाकलं. मिस्त्रीने वेगळं गेज थेट इंजिनाला जोडून दाब मोजला, तो बरोबर निघाला. "काकाजी, काटा सरळच आहे," तो म्हणाला. यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मलाही काटा सरळच दिसत होता. म्हणजे बिघाड यांच्या डोळ्यांत होता, आणि ज्या माणसाला हातभर अंतरावरचा काटा धड दिसत नाही तो मला शहरभर फिरवत होता. बोलायची सोय नव्हती. चष्म्याचा विषय काढला तरी यांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

मे महिन्यात नणंदेकडे, शहराच्या टोकाला बेसाला, जेवायला निघालो. ऊन असं, की दाराच्या कडीला हात लावला तर भाजावं. मानेवाड्याच्या पुढे एक ऑटो आडवा आला. यांनी ब्रेक मारला, पण मी ओरडले तेव्हा. ऑटोवाला शिव्या देत गेला.

"मी पाह्यला होता त्याले," हे म्हणाले.

आता माझी नजर एकदा रस्त्यावर, एकदा मीटरवर. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला आणि हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकायला लागला.

"अहो, गाडी गरम होऊन राहिली."

"नाही वं. काटा मधातच आहे."

"लालात गेला. थांबवा."

"तुले मीटरमधलं काय समजते? मले दिसून राहिला ना."

इंजिन जळालं असतं तरी मी एक अश्रू गाळला नसता. पण हे खोटं बोलत नव्हते. यांना तो काटा खरंच मधात दिसत होता, आणि समोरून ट्रक येत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा यांच्यावर खेकसले. "गाडी बाजूला घ्या, नाहीतर मी अशीच उतरते."

गाडी एका रसवंतीजवळ थांबली. बॉनेट उघडल्यावर वाफेचा लोट आला. पाइपची क्लिप ढिली होऊन पाणी गळून गेलं होतं. यांनी इंजिन गार होऊ दिलं, क्लिप चाचपून आवळली, पाणी भरलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग आत बसून गाडी चालू केली आणि मीटरकडे पाहत हाताने एक डोळा झाकला. तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. वायर तपासावी तितक्या शांतपणे.

"डाव्यानं वाकडा दिसते," हे म्हणाले. "उजव्यानं दिसतच नाही."

मला रडू आलं. रागही आला, की सगळी गाडी खोलून झाल्यावर यांना हे सुचलं.

हे उतरले आणि फेरा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मला चारचाकी येते, पण ही गाडी यांनी मला कधी दिली नव्हती. मी सरकून स्टिअरिंगमागे बसले, हे माझ्या जागेवर. गाडी रस्त्याला लागली.

"काटा कुठी आहे?" यांनी विचारलं.

"मधात."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"मधातच आहे."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी बाजूला पाहिलं. हे दोन्ही डोळे मिटून बसले होते.