भाड्याचं मशीन आणि सुनंदाचे पाय

स्क्रीनवर सुनंदाचे पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेले होते. समोर स्टेजवर खरी सुनंदा नीट उभी होती.

"मॅडम, मी हालले का?"

"नाही गं. तू अशीच उभी राहा."

ती हलत नव्हती, तरी स्क्रीनवरचा डावा पाय हळूहळू वाकडा होत चालला होता. देवरे सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. "वैशाली, मशीनचं भाडं चालू आहे," ते म्हणाले.

ही २००४-०५च्या सुमाराची गोष्ट. सातपूर एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा स्टुडिओ होता. देवरे सरांचा मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. त्यातून कॅसेटवर फिरणारी थ्रीडी नावं आली, मग लोकल जाहिराती, आणि शेवटी गेम डिपार्टमेंट. डिपार्टमेंट म्हणजे मी आणि तीन मुलं. मी बी.एस्सी., वर अ‍ॅनिमेशनचा कोर्स. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते.

परदेशातल्या एका कंपनीने आमच्याकडून सँपल मागवलं होतं. मारामारीचा गेम. पात्राने झेप घ्यायची, पकडायचं, पडायचं, उठायचं. सँपल पास झालं तर वर्षभराचं काम. नापास झालं तर गेम डिपार्टमेंट बंद. सरांनी हे मला आधीच सांगितलं होतं, रागाने नाही, चहा पिता पिता. "तुला मी लग्नाच्या एडिटिंगला घेईन. त्या पोरांचं मात्र मला जमणार नाही."

पोरांना मी हे सांगितलं नव्हतं.

गेममधलं पात्र हलवायचे दोन मार्ग. एक, अ‍ॅनिमेटरने हाताने एकेक पोझ द्यायची. दुसरा मोशन कॅप्चर. खऱ्या माणसाला हालचाल करायला लावायची, मशीनने ती पकडायची आणि कॉम्प्युटरमधल्या बाहुलीला द्यायची. कंपनीला दुसरं हवं होतं.

मशीनचे प्रकार तीन. पहिल्यात अंगाला चमकणाऱ्या गोळ्या चिकटवतात आणि चहूबाजूंनी कॅमेरे लावतात. उत्तम काम. पण त्यासाठी मुंबईचा स्टुडिओ घ्यावा लागला असता. ते नाव काढल्यावर सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दुसऱ्यात अंगावर सांगाडा बांधतात. स्वस्त, पण तो घालून माणूस पडला तर सांगाडा तुटतो, आणि आमचा अर्धा गेम पडण्याचाच. तिसरं चुंबकाचं. मध्ये एक खोकं असतं, ते आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतं. हातापायांवर काडेपेटीएवढे, वायरने मशीनला जोडलेले सेन्सर पट्ट्याने बांधायचे. कुठला सेन्सर कुठे आहे ते खोक्याला कळतं. साध्या ट्रॅकसूटवर चालतं, माणूस पडला तरी चालतं, आणि मुंबईहून भाड्याने मिळत होतं.

"आपल्याकडे दोन कॅमेरे आहेत की," सर म्हणाले होते. "लग्नाचे. ते लावून होत नाही का?"

"होतं सर. पण मग बघून बघून सगळं हाताने करायचं. तेवढ्यात मुदत संपेल."

"मग ते चुंबकवालं घे. पण चालायला पाहिजे."

या मशीनचा एकच वैरी, लोखंड. जवळ लोखंड असलं की माप बिघडतं. फरशीखाली सळया असतात, म्हणून लाकडाचं उंच स्टेज लागतं. ते मी रफिकभाईंकडून करून घेतलं. अंबडला त्यांचं वर्कशॉप होतं. आणि माणूस म्हणून घेतली सुनंदा. सिन्नरच्या पुढे एका गावात ती खेळाची शिक्षिका होती, लग्नाआधी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेली.

आता पाय बिघडल्यावर मशीनबरोबर आलेला मुंबईचा ऑपरेटर म्हणाला, "मेटल है कुछ. मॅडम, मंगळसूत्र निकालो."

सुनंदाचा हात गळ्याशी गेला. "ते नाय निघायचं."

"राहू दे," मी म्हटलं. "छातीचा सेन्सर बरोबर दाखवतोय. मंगळसूत्राने बिघडलं असतं तर तो आधी बिघडला असता. बिघाड पायात आहे."

कपाट हलवलं. लोखंडी खुर्च्या बाहेर काढल्या. पाय तसेच. मग मी चहावाल्याकडून प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि सुनंदाला त्यावर उभं केलं. पाय बऱ्यापैकी सरळ झाले. खाली उतरवलं, परत वाकडे. म्हणजे भानगड खालीच होती, आणि अगदी जवळ.

रफिकभाईंना बोलावलं. ते स्टेजवर चढले आणि मुद्दाम टाच आपटून दाखवली. "बघा ना. हत्ती नाचवा मॅडम, हालणार नाही."

"रफिकभाई, आत काय घातलंय?"

"अँगल. दोन इंची. वरून प्लाय मारली, दिसायला एकदम फर्स्ट क्लास. आणि अँगलचे पैसे नाही लावले हां. तुम्ही बोलला मजबूत पाहिजे, उड्या मारणार आहेत."

मी खरंच तसं म्हटलं होतं, आणि लोखंड का चालत नाही ते सांगितलं नव्हतं. आमच्या भागात मजबूत म्हटलं की वेल्डिंग आलंच. घराचा जिना, शाळेचा बाक, गणपतीचा मंडप, सगळ्याला अँगल. माणसाने पदरचं लोखंड घालून काम चांगलं केलं होतं. त्याला काय बोलणार?

"मी काढून लाकडाचं करून देतो ना," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पण नवीन सांगाडा होईस्तोवर मशीन परत गेलं असतं.

ती तीन मुलं कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसली होती. त्यांना कोणी काही सांगितलेलं नसलं तरी कळलं असावं.

मी सुनंदाला विचारलं, "तुमच्या शाळेचं ग्राउंड कसलं आहे?"

"मातीचं. दुसरं कसलं असणार?"

"आजूबाजूला लोखंड?"

"एक झेंड्याचा खांब हाय. तो पार गेटापाशी."

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या शूटिंगच्या गाडीत मशीन घालून आम्ही गेलो. लोडशेडिंग होतं म्हणून लग्नातला जनरेटरही घेतला, आणि लांब वायर ओढून तो कुंपणापलीकडे ठेवला. गाडीही लांब लावली. खोकं लाकडी टेबलावर ठेवलं. ऑपरेटर पहिल्यांदाच मातीत बसत होता. त्याने रुमाल अंथरला.

निम्मं गाव जमलं. एक आजोबा म्हणाले, "नवरी कोनती यातली?"

"नवरी नाय आबा, कबड्डी हाय," सुनंदा म्हणाली.

"मग एवढ्या वायरी कशाला बांधल्या? पळून जाती का काय?"

सुनंदा हसली, वाकून माती कपाळाला लावली आणि रेषेपाशी उभी राहिली. मी स्क्रीनकडे पाहिलं. पाय जमिनीवर होते. सरळ.

शेडमध्ये ती जपून हलत होती, पाहुण्याच्या घरी वावरावं तशी. इथे तिने पहिलीच झेप अशी घेतली की वायर धरणारा मुलगा तिच्यामागे ओढला गेला. शाळेच्या दोन शिक्षिकांनी तिला पकडून पाडायचं होतं. त्या आधी लाजत होत्या. मग बाया कडेने ओरडायला लागल्या, "धर की गं तिची तंगडी!" आणि त्यांनी खरोखर धरली. सुनंदा पडली, घासत गेली, उठली. उठताना हाताचा रेटा, मग गुडघा, मग मान वर. हे मला बसून कधीच सुचलं नसतं.

सर माझ्या शेजारी उभे होते. "आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं सर."

ते जाऊन पोरांना म्हणाले, "चला, जेवून घ्या."

सँपल पास झालं. फुकट नाही. स्क्रीनवर हात थरथरत होते, पाऊल कुठे कुठे घसरत होतं, ते आम्ही हाताने दुरुस्त केलं. स्वस्त मशीन घेतलं की ही मजुरी येतेच. वर्षभराचं काम आलं आणि तिन्ही मुलं राहिली.

कंपनीने सुनंदाची झेप ज्या पात्राला लावली तो होता दाढीवाला, गळ्यात कवट्या घातलेला सात फुटी राक्षस. सुनंदाला बोलावून दाखवला. तिने तोंडावर हात ठेवला, मग नीट वाकून बघितलं.

"मॅडम, ही माझीच उडी हाय. उजवा खांदा बघा ना, आधी पाडला." थोड्या वेळाने म्हणाली, "सासऱ्यांना नका दाखवू. घाबरतील."

पुढे मी पुण्यात, हैदराबादला बरीच मशीनं निवडली. सेल्सवाले रंगीत ब्रोशर उघडतात, कॅमेरे किती, अचूकता किती ते सांगतात. मी आधी मशीन लावायची जागा बघायला मागते, आणि तिथे गेल्यावर स्टेजची फळी उचकटून दाखवायला सांगते. त्यांना वाटतं बाई संशयी आहे. वाटू दे.