आडत्याच्या बायकोचं दुखणं

दवाखान्यात मी नर्स म्हणून इतकी वर्षं काढली, पण पू, रक्त, ओकारी यांची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती धुतलेली धोतरं नेसून मरीजाला भेटायला येणाऱ्या माणसांची. नारळ घेऊन यायची, खाटेशी बसून हळहळायची आणि मरीजाचा डोळा लागला की माझ्याकडे वळायची. "नरसबाई, काय निघालं ओ? आपल्यातच ठेवतो." त्यांच्यात ठेवलेली गोष्ट दिवे लागायच्या आत बाजारभर व्हायची.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, कापसाच्या बाजाराचं. राज निजामाचं. दवाखान्याची नोंदवही उर्दूत, ती डॉक्टरसाहेब लिहीत. मला उर्दू येत नव्हती. म्हणून मी पुड्यांच्या कागदाचे तुकडे खिशात ठेवायची आणि माझ्यापुरतं बालबोध लिपीत टिपून घ्यायची. तिसरी खाट, ताप उतरला. पाचवी, लघवी नाही. नाव कधीच लिहीत नसे. कामाची पाळी संपली की दुसऱ्या नर्सला तोंडी सांगायचं आणि तुकडे सुया उकळायच्या चुलीत टाकायचे. ज्या मिशनच्या बाईंनी मला काम शिकवलं, त्यांचीच ही शिस्त. त्या म्हणत, "दुखणं ज्याचं, ते सांगायचा हक्क त्याचा. तू फक्त हमाल."

आमच्या कंपाउंडरला ह्या शिस्तीचं हसू यायचं. कचेरीसमोरच्या हॉटेलात तो दुपारी पान जमवून बसायचा. त्याच्या अंगात दुसरा कुठलाही गुण नव्हता, पण औषधं तोच बांधायचा. त्यामुळे कुणाला काय झालंय हे त्याला कळायचं, आणि तेवढ्या भांडवलावर गावातली मोठी माणसं त्याला शेजारी बसवून चहा पाजायची. कुणाच्या सुनेचं पोट पडलं, कुणाच्या बापाच्या अंगावर चट्टे उठले, सगळं तो डोळे मिचकावत वाढायचा. ऐकणारे "शिव शिव" म्हणायचे आणि आणखी जवळ सरकायचे.

त्या साली एका मोठ्या आडत्याची बायको आमच्याकडे आली. पालमकडची. पोरं पोटातच जायची, म्हणून घरात तिला कुणी धड बोलत नव्हतं. परभणीहून महिन्याला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, तेव्हा ती गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मुठीत धरून पडली होती. गरमी निघाली, अंगसंगातून लागणारा रोग. हे मी लिहिते, कारण पुढं तिनंच ते चारचौघांत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट समजावलं, हे कुठून येतं तेही. ती रडली नाही. "बरं व्हतं का हे?" एवढंच तिनं विचारलं. सुया सुरू झाल्या.

कंपाउंडरनं ही गोष्ट हॉटेलात नेली. अर्धीच नेली. आडत्याच्या बायकोला गरमी झालीय, बस्स. ती तिला कुठून आली असेल, हा प्रश्न त्या बैठकीत एकाही मिशीवाल्याला पडला नाही. गावानं तिला वाईट चालीची ठरवलं. ती सुईला आली की बाकावरच्या बाया पदर आवरून लांब सरकायच्या. त्यातल्या दोघींना काय काय झालं होतं ते मला ठाऊक होतं.

मग एका सकाळी खुद्द आडत्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अंगात शेरवानी, कपाळाला भस्म, आवाजात मध.

"नरसबाई, तुमी चिठ्ठ्या लिवून ठेवता म्हणं. आमच्या मंडळीची एक द्या की."

"कशाला?"

"सोनपेठची सोयरीक बघायलोय. पोरीचा बाप म्हणतोय, पहिलीत खोट हाय हे दाखवा."

बायको जिवंत, तिच्या सुया चालू, आणि हा तिच्या दुखण्याचा कागद दाखवून दुसरी आणायला निघाला होता. मी म्हटलं, "चिठ्ठ्या चुलीत गेल्या. आन् असत्या तरी दिल्या नसत्या."

"सरकारी नोकर हायसा तुमी. जरा मुलाहिजा ठेवा," तो म्हणाला. मध संपला होता.

आडत्या कधी स्वतः दवाखान्यात आला होता का, हे मी आजही लिहिणार नाही. त्याच्यासारख्या माणसाचं गुपित सांभाळावं लागतं, ही ह्या धंद्यातली सगळ्यात कडू गोळी. पण गोळी ती गोळी.

आठवडाभरानं तो सोनपेठच्या पाव्हण्याला, म्हणजे पोरीच्या बापाला, आणि गावातल्या दोन बुजुर्गांना घेऊनच आला. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते. नेमकी त्याची बायको व्हरांड्यात सुईसाठी बसलेली. कंपाउंडर दारात पान चघळत उभा. आडत्यानं तिच्याकडं बोट केलं. "ही बघा. इचारा हिला, कशाच्या सुया घेतीय."

ती उठली. डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. पाव्हण्याला म्हणाली, "दादा, मला गरमी हाय. मला ती ह्यांनी दिली. दुसऱ्या कुण्या पुरुषाची सावलीबी मला ठावं न्हाई. पोरगी द्यायची तर आधी ह्यांना तपासून घ्या."

आडत्याचा चेहरा काळवंडला, आणि मग तो माझ्याकडं वळून हसला. माझी शिस्त त्याला कंपाउंडरकडून कळलेली होती. मी तोंड उघडणार नाही, याची त्याला खात्री होती.

"लय खोटं बोलायलीय बाई. नरसबाई, तुमीच सांगा ह्यांना, मी कधी सुई घ्यायला आलो का हितं?"

मी पदराला हात पुसले. "मी कुणाचंच काही सांगत नसते. पण तुमी सोता चार माणसांसमोर मोकळीक देत असाल, तर सांगते. देता का मोकळीक?"

त्यानं कंपाउंडरकडं पाहिलं. तो एकाएकी बाटल्या पुसायला आत गेला होता. "बायामाणसाच्या तोंडी कोण लागतंय," असं म्हणून आडत्या पायऱ्या उतरला.

सोनपेठचा पाव्हणा क्षणभर थांबला. शेतकरी माणूस, पायात धुळीचे जोडे. "वहिनी, माफी करा," तो तिला म्हणाला आणि बुजुर्गांची वाट न बघता निघून गेला. सोयरीक मोडली. बुजुर्ग मात्र त्याच संध्याकाळी आडत्याच्या गादीवर तक्क्याला टेकून बसलेले लोकांनी पाहिले. साहेब परतल्यावर माझी तक्रार झाली: उद्धट आहे, मोठ्या माणसांचा मान ठेवत नाही. कंपाउंडरची कधीच झाली नाही.

तिनं सुया पुऱ्या घेतल्या. मग पालमहून भाऊ गाडी घेऊन आला. जाताना ती दवाखान्यात आली आणि मला म्हणाली, "तुमी त्या दिशी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं मला." दारापर्यंत जाऊन ती वळली. "पर मग माझंबी कुणाला तरी सांगितलं असतं तुमी," असं म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

राज बदललं तेव्हा चौकात झेंड्याजवळ आडत्या पहिल्या रांगेत होता, डोक्यावर नवी कोरी गांधीटोपी. मी दवाखान्याच्या पायरीवरून पाहिलं आणि सुया उकळायला आत गेले.