शेठजींच्या घराचं माप

धुळ्यातलं आमचं घर आम्ही गहाण टाकायला निघालो आणि शेजाऱ्यांचं घर गहाण पडता पडता राहिलं.

कारण माझी बायको. दोन खोल्यांत आठ माणसं बघून ती फैजपूरला माहेरी गेली, ती तिकडेच राहिली. सासऱ्यांचा निरोप आला, "वर एक खोली बांधा, मग पोरगी पाठवतो." तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घर तारण ठेवून कर्ज काढायचं ठरवलं.

घर बघायला बँकेचे साहेब आले. आमच्या गल्लीत पाहुणा कुणाचाही असो, बसतो तो शेजारच्या शेठजींच्या दिवाणखान्यात. खुर्च्या आणि पंखा तिथेच. (माझ्या लग्नाची बोलणीही तिथेच झाली होती. बायकोच्या रुसव्याचं मूळ तेच!) शेठजी दुकानात होते. शेठाणीबाईंनी नेहमीसारखं दार उघडून दिलं आणि नानांनी साहेबांना भरीत-पुरीला बसवलं.

जेवून साहेबांनी हात पुसले, टेप काढली आणि एक टोक माझ्या हाती दिलं. "धरा, मास्तर."

मी धरलं. सागवानी खांब, गुळगुळीत फरशी, मागचा चौक! मी नानांकडे पाहिलं. ते कानाशी कुजबुजले, "पाव्हना आत्तेच जेयेल शे. त्याले खोटं कसं पाडानं?"

खरं सांगायचं तर मलाही त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. साहेब म्हणाले, "यावर तीन खोल्या सहज निघतील," आणि मी दिपूनच गेलो. त्यातली हवेशीर खोली मी मनातल्या मनात बायकोला देऊनही टाकली.

तेवढ्यात शेठजी आले. ताणलेली टेप बघून दारातच थबकले.

"मास्तर, म्हारं घर कुठं नेता?"

"कुठं नाही, शेठजी. जरा गहाण ठेवत होतो."

मग साहेब आमच्या घरी आले. तिथे टेप पुरती उलगडावीही लागली नाही. मिळालेल्या कर्जात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जायचा जिना तेवढा झाला. खोली राहिली. मी फैजपूरला कळवलं, "वरची सोय झाली आहे."

बायको आली ती थेट जिना चढून गेली. वर मोकळं धाबं आणि पार लळिंगच्या किल्ल्यापर्यंत पसरलेलं संध्याकाळचं लाल आभाळ. मी दोन पायऱ्या खालीच उभा.

"केवढी मोठी खोली हो," ती थक्क होऊन म्हणाली. माझे डोळे भरून आले.

"एवढी मला नाही झेपायची. झाडू आणा. रोज तुम्हीच झाडायची."

कर्ज कधीच फिटलं. झाडणं चालू आहे.