दिगंबर आणि माझ्या गिरणीचा भुसा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा भातगिरणी चालू होती. त्याचा मुलगा पलीकडून "काका, बाबा गेले" म्हणत होता आणि मी "मोठ्याने बोल, मोठ्याने बोल" म्हणून ओरडत होतो. बिचाऱ्याला तीनदा सांगावं लागलं. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही डहाणूच्या शाळेत एका बाकावर. पुढे तो आरोग्य खात्यात निरीक्षक झाला. बेकरी असो, भट्टी असो की गिरणी, जिचा धूर नाहीतर धूळ लोकांच्या घरात जाईल, तिला दिगंबरच्या पाहणीशिवाय दाखला नाही. पाहणी तरी कसली! यंत्राकडे ढुंकूनही न बघता हा शेजारच्या घरांत शिरायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून बोट फिरवायचा. लोक हसायचे. "साहेब धुणं तपासायला आले," म्हणायचे.

माझ्या गिरणीची पाहणी त्याने भर दुपारी केली. समुद्राकडून वारा सुटलेला, भुसा मागच्या ओसाड माळावर जात होता. कपडे स्वच्छ, दाखला मिळाला. पण दिवाळीनंतर गंजाडपासून वेवजीपर्यंतचं भात येऊ लागलं की मी उजाडायच्या आत गिरणी लावायचो, आणि त्या वेळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. समोरच मासेमारांची मांगेलआळी. तिथे बांबूंवर बोंबील वाळत असायचे... एक दिवस तिथल्या लक्ष्मीबाई पदरात मूठभर बोंबील घेऊन थेट दिगंबरच्या टेबलापाशी गेल्या. "भाऊ, एक भाजून खा आणि मला सांग, बाजारात हे कोण घेणार?"

याने खरंच घरी नेऊन भाजून खाल्ला. दाताखाली भुसा कचकचला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तो लक्ष्मीबाईंच्या अंगणात उभा होता आणि दुपारी माझा दाखला रद्द! तोही ऐन हंगामात. मी कचेरीत जाऊन सगळ्यांदेखत ओरडलो, "दोस्त म्हणवतोस आणि माझ्याच पोटावर पाय देतोस?" तो एवढंच म्हणाला, "त्या बाईलाही पोट आहे रे."

पुढे मी भुशासाठी पत्र्याची बंद खोली बांधली. तो पहाटे येऊन बघून गेला, दाखला परत दिला. मी तोंडदेखलंही "बस" म्हटलं नाही. लग्नाकार्यात समोर आला तर मी दुसरीकडे बघायचो. तो निवृत्त झाला तरी तेच. आता वाईट वाटतं, फार वाटतं, पण बैल गेला नि झोपा केला... काय उपयोग?

गेल्या आठवड्यात दाखल्याच्या नूतनीकरणासाठी नव्या मॅडम आल्या. काखेत जुनी फाइल. दिगंबरचं नाव मी काढलं म्हणून त्यांनी त्याच्या अक्षरातलं एक पान दाखवलं. "सकाळी गिरणी चालते का, हे मी मालकाला विचारले नाही. चूक माझी आहे. मालकाने काही लपवलेले नाही." त्यामागे त्याला मिळालेली ताकीद टाचलेली होती. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कधी, मी बोलत होतो कुठे?

पण त्याने विचारलं होतं. पाहणीच्या त्या दुपारी, निघताना चपला घालता घालता, "सकाळी लावतोस का रे गिरणी?" आणि मी म्हटलं होतं, "छे! अकराच्या आत कोण लावतंय?"

मॅडम सही करायला पेन काढत होत्या. मी म्हटलं, "थांबा. गिरणी सहाला लागते, उद्या त्या वेळी येऊन बघा. आणि या पानाखाली लिहा, त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो."

"काका, हे लिहिलं तर तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ दे," मी म्हटलं. "लिहा."