सायकलची किल्ली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोस्तांत बसलो, भावांत बसलो, एकदा आजारपणात डॉक्टरसमोरही बसलो, आणि प्रत्येक वेळी गोष्ट ओठांपर्यंत आली की दुसरंच काही बोलून मोकळा झालो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

जुनी यंत्रं – मोटारी, कॉम्प्रेसर – घेऊन, दुरुस्त करून विकायची, हा माझा धंदा. बुटीबोरीतला कुठला कारखाना काय विकायला काढतोय, ते मला आधी कळतं. बाप कामठीत पॉवरलूमवर होता. माझ्या हातात कुणी काही आयतं दिलं नाही. भाव करताना मी कुणाची भीड ठेवत नाही, आणि माझा आवाज लवकर चढतो. तरी लोक माझ्या शब्दावर यंत्र उघडून न बघता घेऊन जातात. का? कारण माझ्याआधी माझी एक गोष्ट तिथे पोचलेली असते – या माणसानं ऐन फायनलमध्ये आपल्याच बॅट्समनला आऊट दिलं होतं.

ती गोष्ट खरी आहे. अडचण तीच आहे.

आमच्या वेळच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत अंपायर बाहेरून येत नसे. ज्यांची बॅटिंग, त्यांचाच माणूस अंपायर. तो आपल्याच पोरांच्या बाजूनं कौल देणार, हे गृहीतच धरलेलं. आमच्या टीमकडून मी उभा राहायचो – कारण मला नवव्या नंबरवर पाठवत, आणि माझी पाळी बहुधा यायचीच नाही. आमचा ओपनर प्रमोद. माझ्याच गल्लीतला, माझ्याच वर्गातला.

आदल्या वर्षीच्या सेमीफायनलला एकदाच माझी पाळी आली. अंगात ताप होता. शेवटच्या ओव्हरला मी हरलेली मॅच काढून दिली. आणि स्पर्धेचा सर्वोत्तम बॅट्समन म्हणून टेबल फॅन मिळाला प्रमोदला. त्यानं सगळ्या मॅचेस मिळून रन जास्त काढले होते, हे खरं. पण ती मॅच कुणी काढली होती? आमच्या घरावर टिनाचं छप्पर होतं, फॅन नव्हता. त्याच्याकडे एक आधीच होता. मी आईला सांगून ठेवलं होतं, या वर्षी फॅन येणार म्हणून.

हसू येतं ना? मला अजून येत नाही. तो फॅन माझा होता असं मला आजही वाटतं, तेही सांगून टाकतो.

तर पुढच्या वर्षीची फायनल. मैदान कामठी रोडवर. आम्ही दोघं प्रमोदच्या सायकलवर डबलसीट गेलो. त्यानं सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली पँटच्या उजव्या खिशात टाकली – माझ्यादेखत. टीमला रंगीत पँटा नव्हत्या, पॅड नव्हते. घरच्याच कपड्यांवर खेळायचो.

शेवटची ओव्हर. सात रन हवे होते, प्रमोद समोर, मी बॉलरच्या बाजूला अंपायर. बॉल आत आला, त्याच्या बॅटजवळून गेला, उजव्या मांडीला घासला आणि कीपरच्या हातात. टक् असा बारीक आवाज झाला. कीपरनं अपील केलं, तेही अर्धवट – आमचा अंपायर देणार नाही हे त्यालाही माहीत होतं.

आवाज कशाचा होता, हे मैदानात दोघांनाच कळू शकत होतं. ज्याच्या खिशात किल्ली होती त्याला, आणि ज्यानं ती ठेवताना पाहिली होती त्याला.

मी बोट वर केलं.

घाईत नाही. मोजूनमापून. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात फॅन फिरत होता – या वर्षीचाही, जो पुन्हा त्यालाच मिळणार होता.

प्रमोद जागेवरून हलेना. "बॅटले लागलाच नाही गा, आईची शप्पथ," असं दोनदा म्हणाला; खिशातली किल्ली त्याला सुचलीच नाही. त्याचं कोण ऐकणार? आपल्याच टीमचा माणूस आऊट देतो म्हणजे आऊट असणारच. आम्ही तीन रननं हरलो. समोरचा कॅप्टन मैदानभर चालत आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. आणि प्रमोदचं नाव पडलं – रड्या. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारत. पुढच्या वर्षी तो खेळला नाही. त्यानंतरही नाही.

त्या संध्याकाळी त्यानं त्याच खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि मला म्हणाला, "बस." मी मागे बसलो.

पुढे धंद्यात ही गोष्ट मी स्वतःही वापरली. गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं की म्हणायचो – ज्यानं स्वतःच्या टीमला सोडलं नाही, तो तुम्हाला काय फसवणार?

प्रमोद आता रामदासपेठेत एका दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर असतो. रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतो. आठवड्यातल्या मॅचेस पुन्हा खेळतो, आमचे आमचे मॅन ऑफ द मॅच ठरवतो. गेल्या रविवारी एका मोठ्या बॅट्समनवरून जुंपली. बॉल लागलाच नाही म्हणून त्यानं रिव्ह्यू घेतला, आणि पडद्यावर आवाजाची रेघ हलली – लागला होता.

"खोटारडा," मी म्हणालो.

"खोटारडा कायचा? डोक्याचा खेळ आहे हा," मेश्राम सर म्हणाले. रिटायर्ड मास्तर, आमच्यात शेवटचा शब्द त्यांचाच. "आऊट व्हायचंच नसलं, तर हाताले लागलेलंबी समजत नाही." मग पोह्यांची प्लेट खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, की या वर्षीच्या पोरांच्या टेनिस बॉल स्पर्धेत प्रामाणिक खेळाडूला कप द्यायचा, माझ्या नावाचा. "आणि हे सुचवलं कोणं? रड्यानं."

सगळे हसले. प्रमोदही हसला. साठीला टेकलेला माणूस, त्या नावाला ओ देतो.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं सांगू का गा? ती रेघ पाह्यली अन् मले वाटलं, तवा लागलाच असन माह्या बॅटले. मलेच समजलं नसन. उगाच तुह्यावर राग धरून राहिलो इतकी वर्षं."

त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती – आपण खरं बोललो होतो, हे त्याचं त्याला माहीत होतं. तीही त्यानं माझ्यासमोर ठेवून दिली.

बोलायला जागा होती. प्लेट हातात होती, सगळे ऐकत होते, आणि त्याच्या शर्टाच्या खिशाबाहेर त्याच्या स्कूटरची किल्ली लोंबत होती. मी तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे ना गा. जुनी गोष्ट आहे."

मी त्याला माफ केलं.

बॉल बॅटला लागला नव्हता.