आजारी माशांचे नातेवाईक

आमचं बेळगावात अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. पाटीवर तसं स्वच्छ लिहिलंय, तरी महिन्यातून एखादा फोन येतोच, ‘वहिनी, आज सुरमई आलीय काय हो?’ मग मला सांगावं लागतं, ‘आमच्याकडचे मासे बघायचे, खायचे न्हाईत!’

दुकान माझ्या नवऱ्याचं, पण आजारी मासे माझ्याकडं. जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी बघतात, कुत्री-मांजरं बघतात. मासा म्हटलं की हसतात. त्यामुळं लोक बरणीत, बादलीत, जेवणाच्या डब्यात मासा घालून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवतात. मी शिकले ती आधी पुष्कळ मासे मारून, खोटं कशाला बोलू! मासा चार-आठ दिवसांत बरा होतो, नाहीतर जातो. त्याच्याबरोबर आलेलं माणूस मात्र डोक्यात राहून जातं. अशी लई माणसं साठलीत आता.

*

चिकोडीच्या शाळेत सुमनताई म्हणून एक बाई शिकवायच्या. त्यांचा गोल्डफिश पोट वर करून तरंगायला लागला. फोनवर मी सांगितलं, ‘दोन दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेला वाटाणा सोलून द्या.’ पोट फुगलं असलं तर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. त्याला नाही पडला. शेवटी बाई त्याला झाकणाच्या बादलीत घालून सरकारी बसनं बेळगावला निघाल्या.

‘काय हाय बादलीत?’ शेजारच्या आजोबांनी विचारलं.

‘मासा. आजारी हाय.’

अख्खी बस हसली! मग कुणीतरी झाकण उचलून आत बघितलं आणि हसणं थांबलं. त्याला वारं लागावं म्हणून आजोबांनी खिडकी उघडली. ड्रायव्हर कानडी. त्यानं काही विचारलं नाही, पण गाडीत नवी नवरी बसल्यासारखा प्रत्येक स्पीडब्रेकर हळू घेतला.

दुकानात पोचेपर्यंत मासा गेला होता. बाई रिकामी बादली घेऊन स्टँडवर गेल्या, तर परतीला नेमकी तीच गाडी, तोच ड्रायव्हर. त्यानं आरशातून बघत विचारलं, ‘अक्का, मीन हेंग ऐती?’ मासा कसा आहे?

‘अ‍ॅडमिट केलाय,’ बाई म्हणाल्या.

नंतर हे सगळं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. ‘वहिनी, एवढी सांभाळून गाडी आणलेल्या माणसाला मी काय सांगणार होते हो?’

*

रेश्मा कॅम्पात राहायची. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब वर. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं तिला एक निळा फायटर मासा घेऊन दिला आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसला. ‘व्हिडिओ कॉलवर आधी मासा बघतात, मग मला!’ असं तीच हसत सांगायची.

पावसाळ्यात माशाची शेपटी कुजायला लागली. मी औषध दिलं, मीठ दिलं. ती रोज पाणी बदलायची आणि रोज मला शेपटीचा फोटो पाठवायची. प्रत्येक फोटोत शेपटी थोडी कमी. आठव्या दिवशी फोटो आला नाही, ती स्वतःच आली.

‘वहिनी, असाच दुसरा द्या. त्यांना तिकडं कशाला त्रास?’

फायटरच्या सगळ्या बाटल्या धुंडाळून मी एक निळा काढला. शेपटीत जांभळी झाक होती, पण मोबाईलवर काय कळतंय, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

पुढच्या सुट्टीत नवरा खाद्य न्यायला एकटाच आला. पुडी खिशात घालत म्हणाला, ‘वहिनी, मासा बदललाय न्हवं?’

मी फळीवरचे खाद्याचे डबे सारखे करायला लागले.

‘मला पहिल्याच दिवशी कळलं. पण तिला बोलू नका. मी बी तिकडचं सगळं कुठं सांगतो तिला?’

*

निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या शांताक्का जैन. नात बंगळूरला शिकायला गेली आणि तिचा गोल्डफिश आजीच्या गळ्यात पडला. आक्का पहिल्यांदा दुकानात आल्या त्या खाद्याचा डबा परत द्यायला. ‘ह्यात माशाचीच पूड हाय म्हणं! शाकाहारी काय असलं तर दे.’ मी शेवाळाचे दाणे दिले. आक्का दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, तेव्हा मासाही तसाच. अंधार पडला की त्याला दाणा नाही!

असा तो बरीच वर्षं जगला. मग एकदा आक्कांचा फोन आला, ‘तीन दिस झालं, खाईना बघ.’ निपाणीकडं जाणं होतंच, म्हणून मी गेले. मासा म्हातारा झाला होता, रंग उडून पांढुरका पडला होता. कल्ला सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा. मी सिरिंज काढली. ‘तोंडात औषध सोडून बघते, आक्का.’

त्यांनी माझं मनगट धरलं. ‘नगं बाई. त्यानं अन्न सोडलंय. आता मागं वढू नगंस.’

मग स्टूल ओढून त्या टाकीजवळ बसल्या. त्यांना णमोकार मंत्र सांगायचा होता, जाणाऱ्याच्या कानात सांगतात तसा. काचेजवळ तोंड नेलं, थांबल्या आणि माझ्याकडं वळल्या.

‘ह्येचा कान कुठं असतोय गं?’

 

*

डॉक्टर प्रज्ञा मूळच्या निपाणीच्या. आजी विड्या वळायची, नात बेळगावात एका मोठ्या दवाखान्यात आयसीयू सांभाळते. टिळकवाडीतल्या खोलीत सोबतीला एक एंजल मासा. त्याचं अंग फुगलं आणि खवले उभे राहिले, तेव्हा तो घेऊन आल्या. बरोबर वहीत सगळं लिहिलेलं! पाण्याचं तापमान, मीठ किती, औषध कधी, पाणी कधी बदललं. एवढी नीट शुश्रूषा मी कुणाची बघितली नव्हती.

खवले असे उभे राहिले की आत पाणी भरलेलं असतं. तिथून माघारी फिरलेला मासा मी क्वचितच बघितलाय.

‘स्पष्ट सांगा, वहिनी,’ त्या म्हणाल्या.

‘डॉक्टर, आता आपल्या हातात काही नाही.’

त्या स्टुलावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला माझ्या नवऱ्यानं हळूच बाहेर नेलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, ‘हे वाक्य मी सारखी बोलते. रोजच म्हणा ना. ऐकायला असं लागतं, हे माहीतच नव्हतं मला.’

*

निपाणीचे आप्पा तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. आवाज असा, की अंगणातनं हाक मारली तर गल्ली वळून बघायची! घरात ताटाएवढा ऑस्कर मासा, काळा, अंगावर नारिंगी पट्टे. मासा काकूंचा. आप्पा म्हणायचे, ‘हिला माझ्यापरास त्योच जास्त.’

काकू गेल्या. तेराव्यानंतर आप्पांचा फोन आला. ‘पोरी, मासा आडवा पडलाय. लगोलग ये.’

मी गेले. खरंच तळाशी कुशीवर पडला होता. कल्ले बघितले, अंग बघितलं, पाणी तपासलं. रोग काही नव्हता. तरी पाणी बदललं, हीटर वाढवला. आप्पांनी दाणे घेऊन हात पाण्यात घातला, तर तो सरकत सरकत कोपऱ्यात गेला.

‘काकू कशा बोलवायच्या त्याला?’ मी विचारलं.

आप्पांनी ओला हात धोतराला पुसला. ‘म्या कधी बघितलंच न्हाय गं. बाहेर सोप्यात पेपर वाचत बसायचो. आत बांगड्या वाजायच्या, मग पाणी उसळायचं. तेवढंच ऐकू यायचं.’

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. मासा तसाच, आणखी वाळलेला. टाकीशेजारी चमचा, किल्ल्यांचा जुडगा, पितळी घंटी, असलं काय काय पडलं होतं. जमिनीवर काकूंच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते, आप्पांच्या मनगटावर रक्ताची रेघ.

‘औषध लावते थांबा, आप्पा.’

‘ऱ्हाऊ दे. माझ्यासंगं बाजारात चल,’ म्हणाले. ‘एकट्याला जायाला कसंतरीच वाटतंय.’

आम्ही कासाराच्या दुकानात गेलो. सणाचे दिवस, बायकांची ही गर्दी! आप्पांनी पायरीवर चप्पल काढली, टोपी सारखी केली आणि रांगेत बसले. बायका कुजबुजल्या, जरा सरकल्या. आमचा नंबर आला तेव्हा कासारानं माझ्याकडं बघितलं.

‘हिला न्हाय,’ आप्पा म्हणाले. ‘हिरव्या काढ. डझनभर.’

‘माप कुणाचं, आप्पा?’

आप्पांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पुढं केला.