दोन्ही खांदे सारखे

कंडक्टरकाकांना कुणी पर्यटक म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पर्यटक म्हणजे जो गळ्यात कॅमेरा अडकवतो, दर कोपऱ्यावर पाण्याची बाटली विकत घेतो आणि मिळेल त्या पुतळ्याला मिठी मारतो. काका तसे नव्हते. काका वर्षातून एकदा एकाच शहरात जात, तिथल्या एकाच टेलरच्या दुकानात एकाच स्टुलावर आठवडाभर बसत आणि घरी परत येत. त्या शहरात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मोठ्या आनंदाने सांगत, "काहीही नाही." आणि मग त्या काहीही नसण्याचं वर्णन तासभर करत.

शर्ट शिवायला माणूस एवढ्या लांब कशाला जातो, हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नाही. "आपल्याकडचे टेलर काय संपावर गेलेत?" ती म्हणायची. "तिथे बसून लोकांच्या उसवलेल्या बाह्या बघायच्या. मी नाही येत. उसवलेल्या बाह्या मला घरीही दिसतात." खरं कारण काकांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं. सुट्ट्या पैशांची चामडी पिशवी जन्मभर लटकवून त्यांचा डावा खांदा उतरला होता. रेडीमेड शर्ट घातला की तो एका बाजूने असा घसरायचा, की काका निवांत उभे असले तरी आत्ता निघतील असं वाटायचं.

मास्तरांच्या शर्टात मात्र ते सरळ दिसत. मास्तर म्हणजे त्या शहरातल्या पायऱ्यांच्या गल्लीतले टेलर. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून. माप घेताना ते आकडे मोठ्याने म्हणत आणि वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, ते लिहून घेत. गळा झाला, छाती झाली, बाही झाली, की खांद्यापाशी येऊन मास्तरांना हमखास खोकला यायचा. खोकत खोकतच ते कापडावर खडूने काहीतरी खूण करत आणि पुढच्या मापाला लागत. इतक्या वर्षांत काकांच्या खांद्याचा आकडा त्या दुकानात कुणी उच्चारला नव्हता. काकांचा त्या शहरावर जीव जडला तो या खोकल्यामुळे. लोकांना ते सांगत, की तिथली हवा चांगली आहे.

आणि सांगत तरी किती! बसमध्ये तिकीट फाडता फाडता सांगत, सिग्नलला गाडी थांबली की सांगत, उतरणाऱ्याला पायरीवर अडवून सांगत. "दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून घसा बसतो हो माझा. त्या गल्लीत पुढे सरक म्हणायला माणूस सापडत नाही. जाऊन या एकदा." त्यांच्या बसने ऑफिसला जाणाऱ्यांना ती गल्ली, तो मास्तर, ते स्टूल सगळं पाठ झालं होतं. तिकिटाबरोबर फुकट मिळणारी गोष्ट म्हणून लोक ऐकून घेत.

काका निवृत्त झाले आणि लेकीचं लग्न ठरलं. होणारे व्याही मोकळ्या स्वभावाचे, मोठ्या आवाजाचे, सहलींचा भारी नाद असलेले गृहस्थ होते. पहिल्याच भेटीत भरल्या खोलीत ते म्हणाले, "खांद्याला काय झालं हो? पडलात की काय?" सगळ्यांनी काकांच्या खांद्याकडे पाहिलं. लेकीने खाली पाहिलं. तिचं ते खाली पाहणं काकांना फार लागलं. लग्नाच्या दिवशी तिच्या शेजारी आपण सरळ उभं राहायचं, एवढं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. मग सायीच्या रंगाचं उत्तम कापड घेतलं आणि मास्तरांचं शहर गाठलं. कामाच्या गडबडीत आणि मग निवृत्तीच्या कागदपत्रांत मधली काही वर्षं त्यांचं जाणं हुकलं होतं आणि मास्तरांनी शिवलेले जुने शर्ट विरून गेले होते.

गल्लीच्या तोंडाशी त्यांना वाटलं, अपघात झालाय. एवढी माणसं एका जागी दुसऱ्या कशाला जमतील? पण लोक खुशीत होते. दोरी लावून दोन रांगा केल्या होत्या, वर जाणारी आणि खाली येणारी. पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा धडधडत होत्या. काका नेहमी उतरत त्या लॉजच्या जागी आता त्या लॉजची चित्रं विकायचं दुकान होतं. लेकीने फोनवरून खोली ठरवून दिली होती, तिचा पत्ता शोधत ते चढले आणि थेट मास्तरांच्या दुकानावरच्या माडीवर पोचले. ही तर मास्तरांची राहती खोली! वहिनींचे डबे फळीवर तसेच होते, फक्त रिकामे, आणि खाली पाटी होती: 'खऱ्या टेलरच्या घरात राहण्याचा अनुभव घ्या.' खरा टेलर कुठे राहतो, ते पाटीवर नव्हतं.

काका तडक खाली दुकानात गेले. दारात निळ्या टोपीची, हातात माइक घेतलेली सहल कंपनीची मुलगी उभी होती.

"आजोबा, रांगेतून या."

"मला शर्ट शिवायचाय."

"शिवायचाय?" ती बावरली. "म्हणजे घ्यायचाय का? बाहेर पडताना उजव्या हाताला मिळतात."

तेवढ्यात आतून मास्तरांनी मान वर केली. चेहरा उजळला, मग पडला. मशीन मात्र त्यांनी थांबवलं नाही. काका जवळ गेले तेव्हा ते पाय चालवत चालवतच तोंडाच्या कोपऱ्यातून पुटपुटले, "साहेब, इथे आता शिवत नाहीत. शिवून दाखवतात."

काकांनी मशीनकडे नीट पाहिलं. सुई खालीवर नाचत होती, कापड पुढे सरकत होतं, आणि सुईत दोराच नव्हता.

"दोरा घातला की कापड खर्ची पडतं," मास्तर म्हणाले. "रोज नवं कापड द्यायला कंपनी काय खुळी आहे?"

मुलीने हे दोघं एकमेकांना ओळखतात असं पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "आजोबा, तुम्ही खरं गिऱ्हाईक आहात? आमच्याकडे खरं गिऱ्हाईक नाहीच आहे हो!" काका 'अहो, पण' म्हणेपर्यंत त्यांना त्यांच्याच जुन्या स्टुलावर बसवलं गेलं. पुढची टोळी आत आली तेव्हा मुलीने माइकवरून सांगितलं, "हे आजोबा याच गल्लीत जन्मले, वाढले आणि आजही इथेच शर्ट शिवतात." कॅमेरे क्लिक क्लिक वाजले. काका हरकत घेणार होते, पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. आपण पर्यटक नाही, हे त्यांना आजवर एवढ्या जाहीरपणे कुणी सांगितलं नव्हतं.

मग रोज तेच. टोळी आली की मास्तर काकांचं माप घेत, टोळी गेली की पुढची येई आणि पुन्हा माप. छाती मोजून मोजून झिजायची वेळ आली, पण कापडाला कात्री लागली नव्हती. मुलीला मात्र एक गोष्ट चुकल्यासारखी वाटली. "मास्तर, खांद्याचं माप राहतंय रोज! मोठ्याने सांगा ना, लोकांना आवडतं." मास्तर खोकले. मुलगी माइक धरून थांबली. ते पुन्हा खोकले. सगळं दुकान कान टवकारून उभं होतं.

"डावा किती, उजवा किती?" मुलीने विचारलं.

"दोन्ही सारखे," मास्तर म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन खांदे सारखे असण्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न सहलीला आलेल्या माणसाला पडत नाही. काकांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, कारण डोळे भरून आले होते.

त्याच टाळ्यांतून एक आरोळी आली. "अहो कंडक्टर! तुम्ही इथे?" बायकापोरांसह आलेला एक गलेलठ्ठ माणूस दोरीखालून वाकून पुढे आला. "ओळखलं नाहीत? सकाळची ऑफिसची गाडी! रोज पुढच्या दाराशी उभा असायचो." आणि लोकांकडे वळून त्याने अभिमानाने सांगितलं, "या जागेचा शोध यांनीच लावला! रोज सांगायचे. शेवटी आम्ही आलो, फोटो टाकले, मग आमचं सगळं ऑफिस आलं, मग ऑफिसचे नातेवाईक. यांच्यामुळेच सगळं!"

पुन्हा टाळ्या झाल्या. गल्लीत जन्मलेल्या आजोबांनी गल्लीचा शोध कसा लावला, हे मुलीला कळेना, पण तिनेही वाजवल्या. मास्तरांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. मग टेप पुन्हा गळ्यात अडकवला.

संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर काका तिथेच रेंगाळले. "मास्तर, माझं तोंड... मला वाटायचं, मी आपलं कौतुक करतोय."

"छे हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही नाही तर आणखी कुणी सांगितलं असतं." हाही एक खोकलाच होता, हे काकांना कळलं. "आणि तक्रार कसली करू? डोळे अधू झालेत. सुईत दोरा ओवायला जमत नाही. दोरा नसलेल्या मशीनवर पगार मिळतोय, याहून चांगलं काय पाहिजे?" एवढं बोलून त्यांनी सायीच्या रंगाचं ते कापड हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेतल्या पोरासारखं पोट धरलं. "कळ येतेय," ते मुलीला म्हणाले. रजेसाठीची ही त्यांची पहिली थाप होती आणि ती त्यांनी भलतीच वाईट मारली. पण मुलीचं काही अडलं नाही. समोरच्या निवृत्त पोस्टमनला तिने चष्मा घालून मशीनवर बसवलं, आणि लोक त्याचेही फोटो काढू लागले. मास्तर ते दृश्य क्षणभर बघत राहिले. मग कापड बगलेत मारून काकांना म्हणाले, "चला."

शहराबाहेर जाणारी बस खच्चून भरली होती. सकाळची पाळी संपवून निघालेली निम्मी गल्ली तिच्यात होती. चहावाला, न्हावी, लॉजची मालकीण, सगळे आता शेवटच्या स्टॉपला राहत आणि रोज आपल्याच गल्लीत कामाला येत. काकांनी सवयीने तोंड उघडलं, "पुढे सर..." आणि ते मिटलं. या माणसांना अजून पुढे कुठे सरकायला सांगणार?

नव्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत वहिनी वाट बघत होत्या. त्यांनी चहा टाकला आणि दोरा ओवून दिला. मास्तर जुन्या मशीनवर बसले. शिवलं, चुकलं, उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा उसवायची वेळ आली तेव्हा काका उगाच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली एकजण सायकलचं पंक्चर काढत होता. पोरं भिंतीवर चेंडू आपटत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अगदी जुनी गल्ली! काकांच्या मनात वर्णनाची वाक्यं आपोआप जुळायला लागली, आणि आपली जीभ काय करतेय हे लक्षात येताच त्यांनी ती दाताखाली धरली.

अंधार पडता पडता शर्ट झाला. वहिनींनी घडी घालून दिली. "भावजी, हा शेवटचाच हं," त्या हळूच म्हणाल्या. "यांना आता खरंच दिसत नाही."

लग्नाच्या दिवशी काका लेकीच्या शेजारी ताठ उभे होते. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलंच नाही. व्याही दुरूनच ओरडत आले, "अरे वा, खांदा बरा झाला की!" मग त्यांनी शर्टाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "शिवून घेतलेला दिसतोय. हात भारी आहे! कुठला टेलर? सांगाच. आम्हाला आता अशाच जागा हव्यात बघा, जिथे अजून कुणी पोचलं नाही."

जन्मभर काका ज्या प्रश्नाची वाट बघायचे, तो हाच. सगळी वाक्यं ओठांवर हजर होती. शेवटचा स्टॉप, पंक्चरवाला, दोन खोल्या, जुनं मशीन. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला.

"रेडीमेड आहे," ते म्हणाले.

व्याह्यांचा विश्वास बसला नसता, पण शेजारून काकांची बायको पुढे झाली. डाव्या खांद्याच्या शिवणीवरून तिचं बोट फिरलं आणि मध्येच थांबलं. आतून भर घालून दिलेला बारीक उंचवटा तिला लागला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. एका शर्टासाठी हा माणूस इतक्या लांब का जायचा, ते तिला आज कळलं. "मीच आणला," ती व्याह्यांना म्हणाली. "सेलमधून."

"अस्सं? मग आणखी एखादा मिळेल का तिथे?"

"शेवटचाच होता," काका म्हणाले, आणि पुन्हा खोकले.